पत्रावळीतली परी आणि आवडीची लांब ओळ

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि गावाला लागून पळसाचं मोठं रान होतं. कुठंही जा, पळसाला पानं तीनच, असं मोठी माणसं म्हणतात. म्हणोत बापडी! त्यांनी फाल्गुनात या रानात यावं आणि तीन काय, एक तरी पान शोधून दाखवावं. तेव्हा पळसावर फक्त फुलं असतात. केशरी, शेंदरी, लालचुटुक, पोपटाच्या चोचीसारखी वाकडी फुलं. झाडाखालची मातीसुद्धा केशरी दिसते, आणि ओढ्याचं पाणी पाकळ्यांचे इवले इवले ठिपके घेऊन झुळझुळत पुढं जातं.

त्या रानाच्या कडेला एका चिमुकल्या खोपटात आवडी आणि तिची आई रखमा अशा दोघी राहत. दोघींचं हातावर पोट. पानगळीच्या आधी पळसाची पानं गोळा करून ठेवायची, ती ओढ्यात भिजवायची, एकाला एक लावायची आणि बांबूच्या बारीक काड्यांनी टाके घालून पत्रावळी आणि द्रोण करायचे. त्या काड्यांना चोया म्हणतात. गावात लग्न असलं की दोघींच्या चुलीवर भात शिजायचा. लग्न नसलं की कण्या शिजायच्या.

तेही चाललं असतं. पण रखमाच्या डोळ्यांवर हळूहळू धुकं चढायला लागलं होतं. आधी तिला लांबचा डोंगर दिसेना. मग ओढ्यापलीकडची झाडं दिसेनात. आता तर हातातलं पान तिला पोपटी डागासारखं दिसायचं आणि चोय पानात जायच्या ऐवजी बोटात जायची.

"आई, बघू तुझं बोट," आवडी म्हणायची.

"काही नाही गं, टोचलं जरासं," रखमा म्हणायची आणि बोट पदरात लपवायची. आवडीला ते बोट दिसायचं. तिला फार वाईट वाटायचं.

आवडीला एक खोड होती. तिला सारखे प्रश्न पडायचे. मुंगी रांगेत का जाते? ओढा थांबला तर त्याला काय म्हणायचं? वेल डावीकडूनच का वळते? रखमा हसून म्हणायची, "आवडे, तुझ्या 'का'ला शेपूट आहे का गं? संपतच नाही!" मग तिनंच एक दिवस आवडीला मथूताईंच्या शाळेत धाडलं. म्हणाली, "जा बाई. तुझ्या प्रश्नांची उत्तरं माझ्याकडं नाहीत, त्यांच्याकडं असतील."

मथूताईंची शाळा उंबराच्या झाडाखाली भरायची. ताई म्हाताऱ्या, गुडघ्यांनी अधू, उठताना उंबराचं खोड धरून "अगं आई गं" म्हणणाऱ्या. पण अक्षर शिकवावं तर त्यांनीच. त्या लपेटीचं अक्षर शिकवायच्या. लपेटी म्हणजे काय? आधी एक लांबलचक ओळ आखायची. मग त्या ओळीखाली अक्षरं लिहीत जायचं, पण कशी, तर एकाचा हात दुसऱ्याच्या हातात देऊन. शब्द संपला तरी हात उचलायचा नाही, तसंच पुढच्या शब्दात शिरायचं. थेट ओळीच्या टोकापर्यंत.

"ओळ कशी आखायची?" ताई रोज विचारायच्या.

"कडेपर्यंत!" सगळी मुलं ओरडायची.

"का?"

"दोरी खुंटीपर्यंत बांधली नाही, तर धुणं वाळत घालायचं कशावर?"

हे उत्तर मुलांना झोपेतसुद्धा पाठ होतं.

आवडीकडं पाटी नव्हती. ताईंनी तिला एक धूळपाटी दिली. म्हणजे साधी लाकडी फळी, तिच्यावर बारीक वाळू पसरायची आणि बोटानं गिरवायचं. आवडी मन लावून गिरवायची. पण तिचं बोट एक अक्षर काढलं की टुणकन वर उडायचं. दुसरं अक्षर काढलं की परत टुणकन वर. तिची अक्षरं एकमेकांकडं पाठ फिरवून बसल्यासारखी दिसायची.

"टाकेवाली! टाकेवाली!" भिमी तिला चिडवायची. भिमीचं अक्षर वर्गात सगळ्यांत सुंदर होतं आणि ते तिला चांगलंच ठाऊक होतं. आवडी तिच्यासमोर मान खाली घालून गिरवत राहायची. घरी जाऊन मात्र रडायची, आणि मग रडता रडता विचारात पडायची, की खरंच, माझा हात असा उडतो का?

एके दिवशी सकाळी आवडी रानातल्या मोकळ्या जागेत पत्रावळी वाळत घालत होती. आईनं शिवलेल्या पत्रावळींतली एक तिला जड लागली. जड लागली आणि हललीसुद्धा. आवडीनं ती कानाशी धरली. आतून फुणफुण फुणफुण असा आवाज येत होता, माशीचा नव्हे, रागावलेल्या कुणाचा तरी.

"कोण आहे गं आत?" आवडीनं विचारलं.

"मी आहे! मला शिवलंय!"

आवडीनं पानं डोळ्यांजवळ नेली. दोन पानांच्या मधे केशराएवढी बारीक, चमचमणारी एक परी अडकली होती. तिच्या पंखाच्या झालरीतून आईची चोय आरपार गेली होती. पंख तरी कसा! पळसाच्या पाकळीहून पातळ, आणि ऊन पडलं की त्यात सोनेरी, अंजिरी, मोरपिशी अशा बारीक बारीक लहरी धावायच्या.

"हलू नकोस हं, नाहीतर फाटेल," आवडी म्हणाली. तिनं श्वास रोखला आणि चोय हळूहळू, केसाकेसानं मागं ओढली. परी टुपकन तिच्या तळहातावर पडली, उठली, पंख झटकले आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पानावर जरा डोळा लागला, तर तुझ्या आईनं मला टाके घातले! ही काय रीत झाली?"

"रागावू नकोस गं," आवडी कळवळून म्हणाली. "तिला दिसत नाही. खरंच दिसत नाही. तिच्या बोटांतसुद्धा चोया जातात. दिसलं असतं तर तिनं तुला उचलून फुलावर ठेवलं असतं."

परीचा राग ओढ्यात पडलेल्या गुळासारखा विरघळला. ती आवडीच्या अंगठ्यावर येऊन बसली.

"मी पळसपरी," ती म्हणाली. "तू माझा पंख वाचवलास. माग काय हवं ते."

आवडीनं तोंड उघडलं, तेवढ्यात परीनं तिच्या ओठांवर इवलंसं बोट ठेवलं. "बोलून नाही, लिहून! आणि तेसुद्धा लपेटीनं."

"का?"

"कारण आम्हां पऱ्यांना तुटक लिहिलेलं दिसतच नाही. आमच्या डोळ्यांना जे वाहतं तेच दिसतं. ओढा दिसतो, वारा दिसतो, वेल दिसते. तसं अक्षर वाहत आलं, तर वाचता येतं." मग परीनं नियम सांगितले. आधी ओळ आखायची. जेवढी ओळ, तेवढं मागणं. ओळ भरेपर्यंत हात उचलायचा नाही. हात मधेच उचलला, तर त्या ओळीवरचं सगळं मागणं अर्धंच फळेल. आणि अर्धं फळलेलं पुन्हा कधीही मागता येणार नाही.

"दुसऱ्या कुणाच्या हातानं लिहून घेतलं तर?"

"तर ते दुसऱ्याचं मागणं."

"आणि तू किती दिवस आहेस?"

परीनं वर पाहिलं. "या रानात फुलं आहेत तोवर. शेवटचं फूल गळेल, तेव्हा मी जाईन. म्हणून सांगते आवडी, जे सगळ्यांत जास्त हवं आहे, ते पहिल्याच झटक्यात मागू नकोस. आधी हात बघ आपला."

आवडी हुशार होती. तिनं आईच्या डोळ्यांचं नावसुद्धा काढलं नाही. ओढ्याकाठी कर्दळीचं बेट होतं. तिनं त्याचं एक पान घेतलं, परीनं तिला लुकलुकता बोरू दिला आणि पळसफुलांची केशरी शाई दिली. तो बोरू एकदा शाईत बुडवला की ओळ संपेपर्यंत कोरडा पडत नसे. आवडीनं बोटभर ओळ आखली आणि लिहायला लागली, 'आईला हिरव्या काठाचं लुगडं मिळू दे.' 'आईला'पर्यंत हात ठीक चालला. 'हिरव्या'शी आला आणि टुणकन उडाला.

पान चमकलं. आवडीच्या मांडीवर झुपकन काहीतरी पडलं. तो लुगड्याचा काठ होता. हिरवागार, रेशमी, लांबच लांब, नुसता काठ!

"उरलेलं लुगडं कुठं गेलं?" आवडीनं विचारलं.

"राहिलं असेल वाटेत कुठंतरी," परी खिदळली. "मला काय ठाऊक!"

दुसऱ्या दिवशी आवडीनं स्वतःसाठी चपला मागितल्या. एकच चप्पल आली, तीही बिनपट्ट्याची. तिसऱ्यांदा तिनं लाडू मागितला, तर लाडवाचा खमंग वास आला आणि लाडू आलाच नाही. परी हसून हसून कर्दळीच्या पानावरून घसरली. आवडीलाही हसू आलं. पण हसता हसता ती एकदम थांबली. आईचं मागणं असं अर्धंच फळलं तर? एकाच डोळ्यानं दिसेल का तिला? की नुसतं सकाळचं दिसेल आणि दुपारचं नाही?

ती तडक उंबराखाली गेली.

"ताई, हात न उचलता लिहायचं कसं शिकायचं?"

मथूताईंनी चष्मा नाकावर चढवला. इतक्या वर्षांत मुलांनी त्यांना सुट्टी कधी हे पुष्कळदा विचारलं होतं. हे कुणी विचारलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "लिही बघू माझ्यासमोर."

आवडीनं लिहिलं. ताई अक्षराकडं बघतच नव्हत्या. त्या आवडीच्या मनगटाकडं बघत होत्या.

"पोरी, तू घरी काय काम करतेस?"

"पत्रावळी शिवते, ताई."

"तरीच! टोच, उचल. टोच, उचल. तुझा हात शहाणा आहे गं. त्याला जे शिकवलंस ते तो बिनचूक करतोय. आता त्याला दुसरं काहीतरी शिकवू." ताईंनी तिचा हात हातात घेतला. "आणि हे बघ, बोरू असा आवळू नकोस. कोंबडीचं पिल्लू धरतेस ना, तसा धर. पळू नये आणि गुदमरूही नये."

ताईंचा स्वभाव असा, की एकदा मनानं घेतलं म्हणजे घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या मुलांना तांबे घेऊन यायला सांगितलं. शाळेसमोरच्या अंगणात पाण्याच्या धारेनं अक्षरं काढायची, आणि धार तुटली की खेळातून बाद! खंडूची धार पहिल्याच वळणावर तुटली, कारण तो मधेच पाणी प्यायला. गोजीनं तर अक्षराऐवजी स्वतःचेच पाय भिजवले. अंगणभर ओली, चकाकती, वळणावळणाची अक्षरं उमटायची आणि ऊन ती हळूच चाटून टाकायचं.

मग ताईंनी हुतूतू काढला. हुतूतू हुतूतू म्हणत एका दमात धूळपाटीवर शब्द लिहायचा. दम सुटला की बाद. मग एकमेकांच्या पाठीवर बोटानं लिहायचं आणि ओळखायचं. गोजीला इतक्या गुदगुल्या व्हायच्या, की तिला 'कमळ'सुद्धा कधी ओळखता आलं नाही. कधी सगळ्यांनी हातात हात धरून माळ करायची आणि ताईंनी राखेनं आखलेल्या मोठ्ठ्या अक्षरावरून पळायचं, हात न सोडता. तेव्हा भिमीचा हात आवडीच्या हातात यायचा. भिमी तोंड वाकडं करायची, पण हात सोडायची नाही, कारण सोडला की बाद.

शाळा सुटली की सगळी मुलं घराकडं धूम ठोकायची. भिमी मात्र गावाबाहेरच्या वळणावर जाऊन उभी राहायची. तिचा बाप बैलगाडी घेऊन मीठ आणायला गेला होता, तो दिवाळीपासून परतला नव्हता. हे कुणी बोलून दाखवायचं नाही. आवडी रानाकडं जाताना तिला रोज तिथं उभी बघायची. एकदा तिनं हळूच विचारलं, "थांबू का तुझ्याबरोबर?"

"तू जा तुझे टाके घाल," भिमी म्हणाली.

आवडी गेली. तिला राग आला होता, आणि राग यायलाच हवा होता.

सराव काही एका दिवसात फळत नाही. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ते काय उगीच? आवडी पाणी भरताना हवेत लिहायची, भाकरी थापताना पिठात लिहायची, आईच्या पाठीला तेल लावताना तिथंही लिहायची. रखमा म्हणायची, "अगं, तेल लावतेस की रांगोळी काढतेस?" हळूहळू आवडीचा हात उडायचा थांबला. आता तो घसरत, वळत, डुलत जायचा. एकदा ती लिहीत होती आणि तिला वाटलं, हात आपण चालवतच नाही, तोच आपल्याला कुठंतरी घेऊन चाललाय. तिनं ताईंना विचारलं, "ताई, असं का होतं?" ताई म्हणाल्या, "ते मलाही अजून कळलं नाही बघ. पण होतं खरं!" आणि दोघी हसल्या.

इकडं रानात फुलं गळत होती. रोज झाडाखालची चादर जाड व्हायची आणि वरचा केशरी रंग विरळ व्हायचा. आणि रखमा आता चोय हातात धरून नुसतीच बसून राहायची.

मग एका सकाळी परी आवडीच्या कानाशी येऊन म्हणाली, "वरच्या फांदीवर थोडीच उरली आहेत गं. आज लिहायला हवं."

आवडी लगेच उठली. परी तिला ओढ्याच्या पलीकडं घेऊन गेली. तिथं एक सोनकेळ उभी होती. तिचं पान पोपटी आणि सोनेरी, लखलखीत आणि लांबच लांब. "मोठ्या मागण्याला मोठं पान," परी म्हणाली आणि तिनं ते पान गवतावर अंथरलं.

आवडीनं बोरू घेतला. आईचं मागणं मनात नीट जुळवून घेतलं. मग, जशी रोज शाळेत आखायची तशी, तिनं ओळ आखली. आणि मथूताईंच्या शाळेतलं मूल दुसरं काय करणार? तिनं सर्रकन ओळ आखली ती थेट कडेपर्यंत!

"अगं!" परी किंचाळली. "हवी तेवढीच आखायची होती! अख्खी ओळ भरावी लागेल आता!"

आवडीनं पानाकडं पाहिलं. ते ओळीचं टोक तिला गावाच्या वेशीएवढं लांब वाटलं. तिचे डोळे भरून आले. "पुसता नाही येणार?"

"नाही गं माझ्या सोन्या. आखली ती आखली."

आवडीनं डोळे पुसले. बोरू शाईत बुडवला आणि पिल्लू धरावं तसा अलगद धरला. मग तिनं लिहायला सुरुवात केली. 'माझ्या आईच्या डोळ्यांवरचं धुकं जाऊ दे आणि तिला सगळं लख्ख दिसू दे.' केशरी अक्षरं एकमेकांचे हात धरून निघाली. एकही हात सुटला नाही. आवडीनं आजवर इतकं सुंदर कधी लिहिलं नव्हतं.

पण मागणं संपलं आणि ओळ तर कितीतरी उरली होती!

आता काय मागायचं? आवडी पुढं पुढं सरकत होती. गुडघ्यांवर रांगत, बोरू पानावर टेकवून. लुगडं आणि चपला पुन्हा मागता येणार नव्हत्या. दुसरं काही तिला सुचेना. तेवढ्यात तिला खंडू आठवला. तो हुतूतू म्हणता म्हणतासुद्धा हरवलेल्या शेळीला हाका मारायचा. तिचा हात आपोआप वळला, 'खंडूची करडी शेळी घरी येऊ दे.' मग गोजी आठवली, 'गोजीच्या तान्ह्या भावाला पहिला दात येऊ दे,' कारण गोजीला त्याची भारीच घाई झाली होती. मग 'मथूताईंचे गुडघे हलके होऊ देत.' एकेकाचं नाव लिहिताना आवडीला गंमत वाटायला लागली. कुणाला काय हवंय हे आपल्याला इतकं ठाऊक आहे, हे तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

तिचा खांदा दुखायला लागला. बोटं बधिर झाली. वरून एक फूल गळलं, मग दुसरं. परी तिच्या कपाळावरचा घाम पंखानं पुसत होती, पण बोरूला हात लावायची तिला मुभा नव्हती.

ओळीच्या शेवटी थोडीशी जागा राहिली. एकाच मागण्याएवढी. आणि आवडीला ठाऊक होतं, तिथं कुणाचं मागणं बसतं ते.

तिचा हात थांबला. उचलला नव्हता, नुसता थांबला होता. बोरूच्या टोकाशी शाईचा थेंब फुगायला लागला.

टाकेवाली, टाकेवाली! ते शब्द आत्ता कुणीतरी कानात म्हणावेत तसे तिला ऐकू आले. कशाला लिहू मी तिच्यासाठी? तिनं माझ्यासाठी काय केलं? जागा तर काहीही लिहून भरता येईल. माझ्यासाठी एक परकर मागता येईल. मी मागितला तर कोण नाही म्हणेल?

कुणीच म्हणालं नसतं. परीसुद्धा नाही.

पण आवडीला ते वळण दिसलं. वळणावरची भिमी दिसली, टाचा उंच करून रस्त्याकडं बघणारी. भिमीचे डोळे चांगले होते, अगदी धडधाकट. तरी तिला जे बघायचं होतं ते दिसत नव्हतं. आई चोय धरून नुसती बसते, तेव्हा तिचा चेहरा असाच होतो, हे आवडीच्या एकदम लक्षात आलं.

थेंब पसरायच्या आत हात वळला. 'भिमीचा बाप घरी येऊ दे.' शेवटच्या अक्षराची लपेट ओळीच्या टोकाला जाऊन टेकली, अगदी पानाच्या कडेशी. आवडीनं हात उचलला आणि ती गवतावर आडवी झाली.

वरून शेवटचं फूल गरगरत आलं आणि पानावर पडलं.

आधी पहिलं अक्षर उजळलं. मग त्यानं धरलेला दुसऱ्याचा हात उजळला, मग तिसरं, मग चौथं. उजेड ओळीवरून ओढ्यासारखा वाहत गेला. केशरी, सोनेरी, गुलाबी, पांढराशुभ्र! पळसपरी त्या उजेडाच्या टोकाशी उभी होती. तिच्या पंखांतून तो उजेड आरपार जात होता.

"मला सगळं वाचता आलं, आवडी," ती म्हणाली. "शेवटपर्यंत."

"तू कुठं जाणार आता?" आवडीनं विचारलं. अशा वेळीही तिला प्रश्न पडायचे राहिले नाहीत.

परी हसली. काहीतरी म्हणालीसुद्धा, पण तोवर उजेड इतका झाला होता, की आवडीला डोळे मिटावे लागले. डोळे उघडले तेव्हा परी नव्हती, सोनकेळ नव्हती, पानही नव्हतं. तिच्या बोटांना तेवढी केशरी शाई लागली होती.

आवडी पळत सुटली. खरं झालं की अर्धंच झालं? वाटेत खंडूच्या दारात एक करडी शेळी जास्वंदीचं रोप खात उभी होती आणि खंडू तिच्या गळ्यात पडून रडत होता. उंबराखाली मथूताई खोडाला न धरता उठल्या, परत बसल्या, परत उठल्या आणि आपल्याच गुडघ्यांकडं टकामका बघायला लागल्या. गोजी तिचा तान्हा भाऊ कडेवर घेऊन दारोदार त्याचं तोंड उघडून दाखवत होती. आणि वळणावर बैलगाडी उभी होती. धुळीनं माखलेला एक माणूस खाली उतरला होता आणि भिमी त्याच्या गळ्याला अशी बिलगली होती, की तिचे पाय जमिनीला टेकतच नव्हते.

भिमीनं बापाच्या खांद्यावरून आवडीला पाहिलं. एक हात तिनं सोडवला आणि आवडीला ये, ये अशी खूण केली.

"येते गं, आईला बघून येते!" आवडी ओरडली आणि तशीच पुढं पळाली.

खोपटाच्या दारात रखमा उभी होती. तिनं डोळ्यांवर हात धरला होता. ती डोंगराकडं बघत होती, मग रानाकडं, मग स्वतःच्या टोचलेल्या बोटांकडं. पायांचा आवाज आला तशी ती वळली. आवडी दम लागून जागीच थांबली. तिला काही विचारायचंसुद्धा सुचेना.

रखमानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि ती हसतही होती.

"अगं बाई," ती म्हणाली, "आवडे, तू एवढी मोठी कधी झालीस?"

आवडीची ओळ जशी कडेपर्यंत भरली, तशी तुमची आमची भरो.